जुना अमिगा: दिसणाऱ्या भागापेक्षा मोठा पडदा १.३ आणि ३.१ या दोन्ही आवृत्त्यांवर एकाच प्रोग्रॅममधून कसा उघडावा?

कळफलक

नमस्कार. माझ्याकडे कमोडोर कंपनीचे दोन अमिगा संगणक आहेत. पहिला अमिगा ५००, जो माझ्या मामांनी १९८९ साली इंग्लंडहून येताना आणला होता. त्यात किकस्टार्ट १.३ ची मूळ रॉम (म्हणजे प्रणालीचा गाभा) आणि ५१२ किलोबाइट चिप रॅम (चित्र रंगवणाऱ्या चिपांना वाचता येणारी स्मृती) आहे. दुसरा अमिगा १२०० असून त्यावर ३.१ चालते. दोन्ही पाल या टीव्ही पद्धतीचे आहेत आणि दोन्ही अजून कुरकुर न करता सुरू होतात.

सध्या मी आमच्या घराण्याची वंशवेल दाखवणारा एक प्रोग्रॅम सी भाषेत लिहीत आहे. सात पिढ्यांची ही वेल ९६० × ५१२ बिंदूंत कशीबशी मावते, आणि पालच्या हायरेझ पडद्यावर एका वेळी ६४० × २५६ बिंदूच दिसतात. माउसचा बाण कडेला नेला की पडदा सरकावा आणि त्या बाजूचा लपलेला भाग समोर यावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

मी ओपनस्क्रीनटॅग्ज() हे फंक्शन वापरले आहे. १२०० वर पडदा उघडतो, पण बाण कडेला कितीही ढकलला तरी तो जागचा हलत नाही. ५०० वर तर प्रोग्रॅम सुरू होताक्षणी लाल चौकट लुकलुकते, गुरू मेडिटेशन (अमिगाची प्रणाली कोसळल्याची सूचना) ८००००००३ असा आकडा येतो आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दोन संगणकांसाठी दोन वेगळे प्रोग्रॅम ठेवावेत, की एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही आवृत्त्या सांभाळता येतात? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अडकित्ता

५०० वरचा प्रयोग गुरुपौर्णिमेला करून पाहावा. त्या दिवशी गुरू ध्यान सोडून आशीर्वाद देतात असे ऐकून आहे.

अडुसष्टहजार

अडकित्ता यांचा उपाय वर्षातून एकदाच चालेल, म्हणून गुरू का कोपले ते आधी पाहू.

अमिगावर प्रत्येक लायब्ररीच्या मूळ पत्त्याच्या मागे, म्हणजे ऋण अंतरांवर, फंक्शनांच्या उड्यांचा एक तक्ता असतो आणि त्यातील प्रत्येक नोंद सहा बाइटची असते. पडदे आणि खिडक्या सांभाळणाऱ्या इंट्युइशन लायब्ररीत ओपनस्क्रीन() हे उणे १९८ वर आहे आणि ते पहिल्या आवृत्तीपासून तिथेच आहे. तुम्ही वापरलेले ओपनस्क्रीनटॅग्ज() हे केवळ एक आवरण आहे. ते आतून ओपनस्क्रीनटॅगलिस्ट() ला हाक मारते, आणि ते उणे ६१२ वर आहे. हे फंक्शन आवृत्ती ३६ मध्ये, म्हणजे २.० सोबत आले. १.३ मधील तक्ता त्याच्या बराच आधी संपतो, त्यामुळे उणे ६१२ वर उडी मारली की त्या जागी स्मृतीत जे काही पडलेले असेल तेच आज्ञा म्हणून चालवले जाते. तुमच्या बाबतीत त्या कचऱ्याने विषम पत्त्यावरून शब्द उचलण्याचा प्रयत्न केला असावा, कारण ८००००००३ चा अर्थ पत्त्याची चूक असा आहे आणि ६८००० या प्रोसेसरला विषम पत्त्यावरचा शब्द चालत नाही.

आवृत्त्यांचे अंतर्गत आकडे लक्षात ठेवा, कारण प्रोग्रॅमला तेच दिसतात: १.२ म्हणजे ३३, १.३ म्हणजे ३४, २.० म्हणजे ३६, २.०४ म्हणजे ३७, ३.० म्हणजे ३९ आणि ३.१ म्हणजे ४०. तुम्ही ओपनलायब्ररी() ला बहुधा शून्य आवृत्ती मागितली असेल, म्हणजे "जी असेल ती द्या". तसे मागायला हरकत नाही, पण मग लायब्ररी उघडल्यावर तिच्या नोडमधला आवृत्तीचा आकडा वाचून त्याप्रमाणे वाट निवडण्याची जबाबदारी तुमची असते.

घाटमाथा

माझे मत थोडे कठोर आहे. १.३ सोडून द्यावे. पाचशेमध्ये २.०४ किंवा ३.१ ची रॉम बसवता येते, आणि मूळ रॉमचा जिव्हाळा असेल तर दोन्ही रॉम ठेवून बटणाने बदलण्याची सोयही करता येते. कमोडोर कंपनी एप्रिल १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या १९८८ सालच्या रॉमसाठी आज नवा प्रोग्रॅम लिहिताना दुहेरी वाटा कशाला सांभाळायच्या?

कळफलक

अडुसष्टहजार, मनःपूर्वक आभार. मी खरोखरच शून्य मागितले होते.

घाटमाथा, आपला मुद्दा व्यवहाराला धरून आहे. परंतु मामांच्या संगणकावर मामांचीच वंशवेल जशीच्या तशी चालावी, हाच या उपद्‌व्यापाचा हेतू आहे. रॉम बदलली तर प्रश्न सुटेल, पण मग प्रोग्रॅम लिहिण्याचे कारणही उरणार नाही.

इसारकाठ

मी म्युनिकमध्ये राहतो, आणि इथल्या जुन्या बाजारांत अमिगा अजूनही अधूनमधून सापडत असल्यामुळे या प्रश्नाशी माझी झटापट बरीच झाली आहे. तुमच्या प्रश्नासाठी कमोडोरच्या अभियंत्यांनीच एक वाट करून ठेवली होती, आणि ती मला त्यांच्या सगळ्या कामातील सर्वांत सभ्य गोष्ट वाटते.

१.३ मध्ये पडदा उघडण्यासाठी न्यूस्क्रीन नावाचे ३२ बाइटचे स्ट्रक्चर भरून ओपनस्क्रीन() ला द्यावे लागते. त्यात पडद्याची पद्धत सांगणारा व्ह्यूमोड्स हा रकाना १६ बिटांचा आहे. लोरेझ, हायरेझ, इंटरलेस आणि हॅम एवढ्याच गोष्टी सांगायच्या असताना तो पुरेसा होता. परंतु २.० च्या वेळी नव्या चिपांमुळे सुपरहायरेझ आणि व्हीजीए मॉनिटरवर चालणारी प्रॉडक्टिव्हिटी पद्धत आली, आणि शिवाय पाल व एनटीएससी (अमेरिकी टीव्ही पद्धत) यांपैकी नेमकी कोणती हवी तेही प्रोग्रॅमला मागता येऊ लागले. त्यासाठी ३२ बिटांचा डिस्प्ले क्रमांक ठरवला गेला. उदाहरणार्थ, पाल हायरेझचा क्रमांक हेक्समध्ये २९००० आहे. पाच अंकांचा हा आकडा चार अंकांच्या रकान्यात बसत नाही, हे उघड आहे.

मग त्यांनी एक्स्टन्यूस्क्रीन नावाचे ३६ बाइटचे स्ट्रक्चर केले. त्याचे पहिले ३२ बाइट जुन्या न्यूस्क्रीनसारखेच आहेत, आणि शेवटी चार बाइटचा एक पॉइंटर जोडलेला आहे, जो टॅगांच्या, म्हणजे गुणधर्म आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या, यादीकडे बोट दाखवतो. टाइप या रकान्यात एनएस_एक्स्टेंडेड हा फ्लॅग, म्हणजे हेक्स १०००, लावला की २.० आणि त्यापुढची इंट्युइशन तो शेवटचा पॉइंटर वाचते आणि जिथे टॅग व जुना रकाना यांत फरक असेल तिथे टॅगचे ऐकते. १.३ मात्र त्या फ्लॅगकडे पाहतही नाही आणि ३२ बाइटच्या पुढेही जात नाही. हाक दोन्हीकडे तीच, उणे १९८ वरच्या जुन्या ओपनस्क्रीन() ला. त्यामुळे उणे ६१२ च्या वाटेला जाण्याचे कारणच राहत नाही.

टॅगांमध्ये एसए_पेन्स अवश्य द्यावा आणि त्यात केवळ उणे एक असलेली यादी द्यावी. तो दिला नाही, तर २.० पासून पुढे प्रणाली असे समजते की हा प्रोग्रॅम जुन्या काळचा आहे, आणि उठावदार कडांऐवजी १.३ सारखा सपाट पडदा दाखवते.

घाटमाथा

हे मला ठाऊक नव्हते. तरीही एक शंका आहे. ही युक्ती फ्लॅग आणि टॅग पोहोचवते, पण १.३ ला मोठा पडदा सरकवता येतच नसेल तर तिथे ती काय कामाची?

तांबट

सरकवता येतो. आपोआप सरकत नाही, एवढेच.

१.३ वर पडदा ६४० × २५६ चाच मागायचा, पण त्याच्यामागचा बिटमॅप (चित्राचे बिंदू साठवणारी स्मृती) आपण स्वतः ९६० × ५१२ चा तयार करून द्यायचा. टाइपमध्ये कस्टमस्क्रीनसोबत कस्टमबिटमॅप हा फ्लॅग लावायचा आणि न्यूस्क्रीनच्या शेवटच्या रकान्यात आपल्या बिटमॅपचा पत्ता भरायचा. बिटमॅपचा प्रत्येक थर, म्हणजे बिटप्लेन, ॲलॉकरास्टर() ने घ्यावा, म्हणजे तो चिप रॅममध्येच मिळतो. पडदा उघडल्यानंतर त्याच्या व्ह्यूपोर्टमधील रासइन्फोचे आरएक्सऑफसेट आणि आरवायऑफसेट बदलायचे आणि स्क्रोलव्हीपोर्ट() ला हाक मारायची. एवढ्याने खिडकीतून बाहेर बघताना बाहेरचे चित्र पुढे ओढल्यासारखे दिसते.

हिशेब मांडू. ९६० बिंदूंची एक ओळ म्हणजे १२० बाइट, आणि ५१२ ओळींचा एक बिटप्लेन म्हणजे ६१,४४० बाइट. दोन बिटप्लेन घेतले तर चार रंग मिळतात आणि १,२२,८८० बाइट खर्च होतात. ५१२ किलोबाइटच्या चिप रॅममध्ये हे आरामात बसते. चार बिटप्लेनचा मोह टाळावा. स्मृती दुप्पट लागते हे एक कारण झाले. दुसरे असे, की हायरेझमध्ये चार बिटप्लेन असताना ओळ रंगवली जात असेपर्यंत चिप रॅमच्या दाराशी ६८००० ला ताटकळत उभे राहावे लागते. दोन बिटप्लेनला ही अडचण येत नाही.

तुम्ही ९६० हा आकडा कसा निवडला ते माहीत नाही, पण नशीब चांगले आहे. जुन्या चिपांमधला ब्लिटर (चित्राचे तुकडे हलवणारा भाग) एका वेळी १०२४ × १०२४ बिंदूंपलीकडे जाऊ शकत नाही. आठवी पिढी जोडायची झाली तर हे लक्षात असू द्यावे.

अडकित्ता

म्हणजे कुटुंबनियोजनाचा सल्ला कमोडोरने १९८५ सालीच देऊन ठेवला होता.

निरंजनी

मी या चर्चेत थोड्या वेगळ्या बाजूने भर घालते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईत एका व्हिडिओ स्टुडिओत शीर्षके टाकण्याचे काम करत असे, आणि तिथे जेनलॉक (संगणकाचे चित्र व्हिडिओवर बसवणारे उपकरण) जोडलेला अमिगा २००० होता. आमच्या दृष्टीने "दिसणाऱ्या भागापेक्षा मोठा पडदा" म्हणजे न दिसणारा भाग सरकवून दाखवणे नव्हे, तर चित्र टीव्हीच्या काचेच्या कडेपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे नेणे. ६४० × २५६ चा पडदा टीव्हीवर चारही बाजूंनी चौकट सोडून येतो. संगणकावर काम करताना ती चौकट सोयीची असते, कारण अक्षरे कडेला कापली जात नाहीत. परंतु लग्नाच्या चित्रफितीवर फुलांची वेलबुट्टी टाकताना तीच चौकट डोळ्यांत खुपते. दोन्ही गोष्टींना हे एकच नाव लागू पडते, म्हणून हा खुलासा करावासा वाटला.

१.३ मध्ये वापरणाऱ्याच्या टीव्हीवर नेमका किती भाग दिसतो हे प्रणालीला सांगण्याची अधिकृत सोय नव्हती. मोअररोज नावाची एक छोटी उपयोजना वर्कबेंचच्या (अमिगाच्या मुख्य पडद्याच्या) ओळी आणि स्तंभ वाढवून देत असे, आणि बाकी प्रत्येक चित्रकलेचा प्रोग्रॅम आपापला अंदाज बांधत असे. २.० मध्ये ओव्हरस्कॅनची, म्हणजे चित्र कडेपर्यंत नेण्याची, स्वतंत्र प्रेफरन्स आली, ज्यात वापरणारा चौकटीच्या मुठी ओढून "माझ्या मॉनिटरवर इथपर्यंत दिसते" असे दाखवून देतो. मग प्रोग्रॅमने एसए_ओव्हरस्कॅन या टॅगसोबत चारपैकी एक मोजमाप मागायचे: ओस्कॅन_टेक्स्ट म्हणजे अक्षरांसाठी वापरणाऱ्याने ठरवलेला भाग, ओस्कॅन_स्टँडर्ड म्हणजे चित्रांसाठी त्यानेच ठरवलेला भाग, ओस्कॅन_मॅक्स म्हणजे प्रणाली पूर्णपणे सांभाळू शकते तेवढा कमाल भाग, आणि ओस्कॅन_व्हिडिओ म्हणजे कडेची पर्वा न करता यंत्र देईल तेवढे सगळे. शेवटचा प्रकार आमच्यासारख्यांसाठी होता.

कळफलक यांना वंशवेलीसाठी ओस्कॅन_टेक्स्टच योग्य ठरेल. नातेवाइकांची नावे अर्धी कापलेली दिसणे बरे नाही.

अडुसष्टहजार

निरंजनी यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. एक जोड देतो: भाग किती आहे ते गृहीत धरू नये. २.० पासून क्वेरीओव्हरस्कॅन() हे फंक्शन नेमके चौकोनाचे आकडे देते. १.३ वर ग्राफिक्स लायब्ररीच्या मूळ स्ट्रक्चरमधील नॉर्मलडिस्प्लेरोज वाचावे. पालवर तिथे २५६ आणि एनटीएससीवर २०० मिळते. प्रोग्रॅममध्ये २५६ हा आकडा थेट लिहिला, तर अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याच्या संगणकावर खालच्या ५६ ओळी दिसणार नाहीत.

रेखांश

इतक्या फंक्शनांची खरोखर गरज आहे का? मी प्रणाली बाजूला ठेवून थेट चिपांशी बोलणाऱ्यांच्या पंथातला आहे. डीआयडब्ल्यू-स्टार्ट आणि डीआयडब्ल्यू-स्टॉप या रजिस्टरांत चौकटीचे कोपरे लिहायचे, डीडीएफ-स्टार्ट आणि डीडीएफ-स्टॉपमध्ये डेटा कधीपासून कधीपर्यंत उचलायचा ते लिहायचे, आणि ओळीच्या शेवटी ४० बाइटचा मॉड्युलो द्यायचा, कारण १२० पैकी ८० बाइटच दाखवायचे आहेत. सरकवायचे असेल तर कॉपरच्या (पडद्यासोबत चालणाऱ्या सहप्रोसेसरच्या) यादीतले बिटप्लेनचे पत्ते बदलायचे. हे १.३ वर चालते, ३.१ वर चालते आणि रॉमच नसती तरीही चालले असते. आवृत्तीचा प्रश्नच उद्भवत नाही.

इसारकाठ

आवृत्तीचा उद्भवत नाही, पण चिपांचा उद्भवतो. अमिगा १२०० वर जर वापरणाऱ्याने व्हीजीए मॉनिटरसाठी ३१ किलोहर्ट्झची पद्धत निवडली असेल, तर तुमचा हाताने लिहिलेला १५ किलोहर्ट्झचा पडदा त्या मॉनिटरवर दिसणारच नाही. ग्राफिक्स कार्ड असेल तर तुमचे चित्र एका सॉकेटमधून आणि वर्कबेंच दुसऱ्याच सॉकेटमधून बाहेर पडेल. शिवाय सूक्ष्म सरकवणीसाठी डेटा लवकर उचलायला लागलात की शेवटच्या स्प्राइटचा (चित्रावर स्वतंत्रपणे फिरणाऱ्या छोट्या आकृतीचा) वेळ खाल्ला जातो, हे आपणास माहीत आहेच.

रेखांश

सातवा स्प्राइट जातो हे मान्य आहे. माउसचा बाण शून्याव्या स्प्राइटवर असतो, म्हणून वंशवेलीला त्याची झळ लागणार नाही. मॉनिटरचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, आणि मी तो मुकाट्याने स्वीकारतो.

तांबट

चिपांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: आवृत्तीच्या आकड्यावरून चिप कोणत्या आहेत याचा तर्क करू नये. २.०४ ची रॉम बसवलेल्या जुन्या पाचशेमध्ये चिप १९८७ च्याच असतात. आणि उलट, सुरुवातीच्या अमिगा ३००० मध्ये किकस्टार्ट हार्ड डिस्कवरून चढत असल्यामुळे नव्या चिपांवर १.३ चालवता येत असे. प्रणाली नवी असेल तर मोडनॉटअव्हेलेबल() ला विचारावे, ते हवी ती पद्धत का मिळणार नाही हेही सांगते. पडदा उघडलाच नाही तर एसए_एररकोड या टॅगने कारण कळते: १ म्हणजे मॉनिटर नाही, २ म्हणजे चिप नाहीत, ३ म्हणजे स्मृती नाही, ४ म्हणजे चिप रॅम नाही. वापरणाऱ्याला नुसते "पडदा उघडता आला नाही" असे सांगण्यापेक्षा हे बरे.

कळफलक

सर्वांचे आभार. काल रात्री बसून इसारकाठ आणि तांबट यांचे सल्ले एकत्र केले. एकच एक्स्टन्यूस्क्रीन भरले: जुन्या रकान्यांत ६४० × २५६ आणि माझा मोठा बिटमॅप, टॅगांत ९६० × ५१२, ओस्कॅन_टेक्स्ट आणि पडदा आपोआप सरकवणारा एसए_ऑटोस्क्रोल. आवृत्ती ३६ पेक्षा कमी असेल तर माउस वाचण्यासाठी कडा नसलेली, सर्वांत मागे राहणारी खिडकी उघडून मी स्वतः पडदा सरकवतो.

पाचशेवर गुरू शांत झाले आहेत आणि पडदा सरकतो! परंतु एक विचित्र गोष्ट घडली. वेलीतल्या पहिल्या तीन पिढ्या दिसतच नाहीत. आमचे मूळ पुरुष, त्यांचे तीन मुलगे आणि सगळे नातू गायब आहेत. उजवीकडच्या टोकाची एक शाखा आणि खालच्या पिढ्या तेवढ्या शिल्लक आहेत.

१२०० वर सगळे पूर्वज हजर आहेत, मात्र पडदा अजूनही सरकत नाही.

अडकित्ता

पितृपक्ष नुकताच संपला, त्यामुळे पूर्वज परत गेले असावेत.

तांबट

पूर्वज खिडकीने पुसले. तुम्ही आधी चित्र काढले आणि नंतर खिडकी उघडली, बरोबर? खिडकी उघडताना प्रणाली तिचा भाग पार्श्वभूमीच्या रंगाने भरून काढते. १.३ च्या दृष्टीने तुमचा पडदा ६४० × २५६ चाच असल्याने खिडकीही तेवढीच झाली, आणि ती तुमच्या मोठ्या बिटमॅपच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यावर बसली. त्या कोपऱ्यातली नावे गेली, त्याबाहेरची राहिली. क्रम उलटा करावा: आधी पडदा, मग खिडकी, मग आपल्या बिटमॅपसाठी इनिटरास्टपोर्ट() ने तयार केलेल्या स्वतंत्र रास्टपोर्टमधून (कोणत्या बिटमॅपवर काढायचे ते सांगणाऱ्या स्ट्रक्चरमधून) चित्र. खिडकीचा रास्टपोर्ट वापरू नये, कारण तो ६४० × २५६ च्या बाहेरचे सगळे कापून टाकतो. पडद्याची शीर्षकपट्टीही याच कोपऱ्यात रंगवली जाते, म्हणून टाइपमध्ये स्क्रीनक्वाएट जोडावे.

इसारकाठ

१२०० बद्दल: तिथे तुम्ही खिडकी उघडलीच नाही, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. माउसचे बटण कसे वाचता?

कळफलक

तिथे खिडकीची गरज वाटली नाही. बाहेर पडण्यासाठी डावे बटण थेट सीआयए या (बटणे आणि पोर्ट सांभाळणाऱ्या) चिपच्या रजिस्टरमधून वाचतो.

इसारकाठ

घोडे तिथेच अडले आहे. ऑटोस्क्रोल त्याच पडद्यावर चालते ज्यावरची एखादी खिडकी सक्रिय असते. तुमच्या पडद्यावर खिडकीच नाही. सक्रिय खिडकी मागच्या वर्कबेंचवर आहे, आणि म्हणून इंट्युइशनच्या लेखी तुमचा पडदा झोपलेला आहे. १.३ साठी उघडता तशीच खिडकी १२०० वरही उघडा आणि ती सक्रिय करण्याचा फ्लॅग द्या. बटणही मग खिडकीच्या संदेशांतूनच वाचावे.

रेखांश

प्रणालीचा पंथ स्वीकारला की कर्मकांड आलेच.

घाटमाथा

माझी मूळ शंका आता वेगळ्या रूपात मांडतो. कळफलक यांनी आवृत्ती तपासून दोन वाटा केल्याच आहेत. मग एक्स्टन्यूस्क्रीनची युक्ती कशासाठी? ३७ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर सरळ ओपनस्क्रीनटॅगलिस्ट(), नसेल तर जुने न्यूस्क्रीन, हे वाचणाऱ्याला अधिक स्पष्ट नाही का?

अडुसष्टहजार

घाटमाथा यांच्याशी मी या वेळी सहमत आहे, आणि त्याला आणखी एक कारण आहे. सामाईक स्ट्रक्चरमुळे ३.१ वरही कस्टमबिटमॅप हा फ्लॅग लागून राहतो, म्हणजे आपण हाताने तयार केलेला, चिप रॅममधला बिटप्लेनांचा बिटमॅप प्रणालीच्या गळ्यात बांधतो. ग्राफिक्स कार्डाला तो नको असतो. आवृत्ती ३९ पासून तर बिटमॅप ॲलॉकबिटमॅप() कडूनच घ्यावा अशी अपेक्षा आहे, आणि पडद्याच्या स्ट्रक्चरमध्ये अंगभूत असलेल्या बिटमॅपऐवजी त्याच्या रास्टपोर्टमधील बिटमॅपचा पॉइंटर वापरावा असेही सांगितलेले आहे. नव्या आवृत्तीवर बिटमॅप प्रणालीलाच तयार करू द्यावा.

एक्स्टन्यूस्क्रीनची योग्य जागा कोणती, तर जिथे दोन्ही आवृत्त्यांवर पडदा एकच आहे आणि फरक फक्त सजावटीचा आहे, म्हणजे पेन, फाँट, पब्लिक स्क्रीनचे नाव एवढाच. इथे सरकवण्याची रीतच वेगळी आहे. वाटा दोन असतील तर त्या कोडमध्ये दोन दिसाव्यात.

इसारकाठ

कस्टमबिटमॅपचा मुद्दा मी नजरेआड केला होता, ही माझी चूक. युक्तीवरचे माझे प्रेम कायम आहे. पण या प्रोग्रॅमसाठी घाटमाथा म्हणतात तेच करावे. आवृत्तीची सीमा ३६ ऐवजी ३७ धरावी, कारण ३६ हा अमिगा ३००० सोबत घाईत आलेला टप्पा होता आणि बहुतेकांनी २.०४ लाच खरे दुसरे पर्व मानले.

निरंजनी

कंपायलर कोणता आहे? अझ्टेक सी असेल तर सावध राहावे. त्यात इंट नेहमीच्या मांडणीत १६ बिटांचा असतो. ओपनस्क्रीनटॅग्ज() ला ९६० असा साधा आकडा दिला की दोनच बाइट स्टॅकवर चढतात, पुढचे सगळे टॅग दोन बाइटने सरकतात आणि प्रणालीला भलतीच यादी दिसते. माझे दोन रविवार यात गेले होते. प्रत्येक आकड्यामागे एल लावावा, किंवा टॅगांचा ॲरे आधी तयार करून ओपनस्क्रीनटॅगलिस्ट() ला द्यावा. दुसरा मार्ग जास्त सुरक्षित.

कळफलक

कंपायलर व्हीबीसीसी आहे, त्यामुळे इंट ३२ बिटांचा आहे. तरीही टॅगांचा ॲरेच केला.

आता दोन वाटा वेगळ्या केल्या आहेत. ३७ आणि पुढे: टॅगलिस्ट, प्रणालीचा बिटमॅप, ऑटोस्क्रोल आणि ९६० × ५१२ ची सक्रिय खिडकी. त्याखाली: न्यूस्क्रीन, माझा बिटमॅप आणि माझी सरकवणी. वेल काढणारे फंक्शन दोघांत सामाईक आहे. त्याला फक्त एक रास्टपोर्ट द्यावा लागतो, मग तो कुठून आला याची चौकशी ते करत नाही. १२०० वर पडदा लोण्यासारखा सरकतो. पाचशेवर तो थोडा अडखळतो, कारण मी इंट्युइटिक्सच्या, म्हणजे इंट्युइशन ठराविक काळाने पाठवते त्या, संदेशावर सरकवतो आणि ते सेकंदाला दहाच्या आसपासच येतात.

तांबट

इंट्युइटिक्सवर अवलंबून राहू नये. बाण कडेला टेकला आहे तोपर्यंत वेटटीओएफ() ने प्रत्येक फ्रेमची वाट पाहावी, ऑफसेट चार बिंदूंनी बदलावा आणि स्क्रोलव्हीपोर्ट() ला हाक मारावी. पालवर सेकंदाला ५० पावले मिळतील, म्हणजे ३२० बिंदूंची लपलेली रुंदी ८० फ्रेममध्ये, दीड सेकंदाच्या थोडे वर, पार होईल. बाण कडेवरून हटला की पुन्हा संदेशाची वाट पाहत थांबावे, म्हणजे बाकीच्या प्रोग्रॅमांना प्रोसेसर मोकळा मिळतो.

कळफलक

केले. दोन्ही संगणकांवर एकच फाइल चालते. मूळ पुरुष जागेवर आहेत, आणि मामांनी पाचशेवर स्वतःचे नाव शोधताना पडदा तीनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला.

अडकित्ता

सापडले का?

कळफलक

सापडले. जन्मसाल चुकले आहे म्हणाले.